प्राग : ३६५ दाते, ३६६ दाते

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं स्वतः बांधलेली, विजेवर चालणारी रेसिंग कार घेऊन झेक प्रजासत्ताकात स्पर्धेला निघाली होती. स्पर्धा संपल्यावर आणि परतीच्या विमानाआधी त्यांच्या हाती मोकळा असा एकच दिवस उरत होता. त्या दिवशी त्यांना प्राग बघायचं होतं. सगळ्यांना मिळून, आणि जमलं तर सगळंच. त्याच सुमारास संपादकांचा निरोप आला की यंदाच्या अंकाचा विषय ‘घाई’ आहे. मी मुलांच्या सरांना फोन केला आणि बरोबर आले तर चालेल का, असं विचारलं.

एका दिवसात शहर उरकणाऱ्यांकडे बघून नाक मुरडायची आपल्याकडे रीत आहे. महिनाभर राहावं, गल्लीबोळ पालथे घालावेत, हे ऐकायला छान वाटतं. पण तेवढा पैसा, तेवढी रजा आणि तेवढा व्हिसा किती जणांपाशी असतो? बहुतेकांच्या वाट्याला परकं मोठं शहर जन्मात एकदा आणि काही तासच येतं. आळंदीहून पायी पंढरपूर गाठणारा वारकरी तासन्‌तास रांगेत उभा राहतो, विठोबाच्या पायांवर क्षणभर डोकं टेकवतो, आणि मागच्याला जागा करून देतो. तू देव नीट पाहिलाच नाहीस, असं त्याला कोणी म्हणत नाही. थोडक्या वेळात बघणं घडतं ते कसं, कशामुळे घडतं आणि कशामुळे फसतं, एवढं मला समजून घ्यायचं होतं.

गाडी पेटीत गेल्यावर

स्पर्धा प्रागमध्ये नव्हती. मोस्त नावाचं गाव प्रागच्या वायव्येला, जर्मनीच्या सीमेकडे आहे. तिथल्या रेसिंग ट्रॅकवर ‘फॉर्म्युला स्टुडंट’ची झेक फेरी होते. जगभरच्या विद्यार्थ्यांनी एक आसनी गाडी स्वतः आखायची, बांधायची आणि तपासनिसांपुढे उभी करायची, असा हा प्रकार. धावायची परवानगी मिळण्याआधी गाडी ६० अंशांत तिरकी करून बघतात. ती उलटता कामा नये, तेलपाणी गळता कामा नये. विजेच्या गाडीवर दोन मिनिटं पाणी फवारतात आणि त्यानंतर आणखी दोन मिनिटं वाट बघतात, कुठे वीज झिरपते का म्हणून. त्यातून पार पडलेल्या गाड्या ७५ मीटरची सरळ धाव, इंग्रजी आठच्या आकड्याची वळणं, आणि शेवटी सुमारे २२ किलोमीटरची लांब शर्यत धावतात. लांब शर्यतीत मध्यावर चालक बदलावा लागतो. निम्म्याहून जास्त गाड्या तिथेच बंद पडल्या तरी कोणाला नवल वाटत नाही. पुण्याच्या गाडीने शर्यत पूर्ण केली. मुलं त्या रात्री झोपली नसावीत.

पण मला जास्त रस वाटला तो त्यानंतरच्या कामात. गाडी परदेशात नेऊन परत आणायची, तर तिच्यासाठी ‘कार्ने’ नावाचा कागद लागतो. हा माल विकायला आणलेला नाही, काम झालं की परत जाणार, म्हणून आयातशुल्क भरायला नको, अशी ती हमी. गेलेली प्रत्येक वस्तू त्या यादीत हवी आणि परतताना ती पेटीत हवी. लिथियमची बॅटरी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते, तिच्या वेष्टनाचे आणि वाहतुकीचे नियम वेगळे. संघाची मॅनेजर, तिसऱ्या वर्षाची मुलगी, हातात कागद घेऊन एकेक पाना आणि एकेक स्क्रूड्रायव्हर मोजून पेटीत घालत होती. आम्ही प्राग कसं पाहिलं, त्याचं अर्धं श्रेय तिच्या या सवयीला आहे. कारण पेटी बंद झाल्यावर तिने तोच कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला दुसऱ्या दिवसाचा आराखडा काढला.

वरून खाली

पहिली अट ड्रायव्हरची होती. युरोपीय संघात प्रवासी बसच्या चालकाने दिवसात साधारण ९ तासच गाडी चालवायची. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबायचं. दिवस संपला की ११ तास विश्रांती, क्वचित प्रसंगी ९. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफवर त्याच्या नावच्या कार्डात नोंदलं जातं आणि पोलिस ते वाचू शकतात. विनवण्या करून, चहापाणी देऊन हा काटा सरकत नाही. मोस्तहून प्रागला जेमतेम दीड तास लागतो, त्यामुळे चालवण्याचे तास भरपूर शिल्लक होते. दिवसाची लांबी मात्र बांधलेली होती. सकाळी सहाला इंजिन सुरू झालं तर संध्याकाळी सातच्या आत दिवस संपायला हवा. थोडी सवलत घेतली तर नऊपर्यंत.

दुसरी अट शहराची. जुन्या प्रागमध्ये बस शिरत नाही. एका ठिकाणी सोडते, दुसऱ्या ठिकाणी उचलते, मधलं सगळं पायी किंवा ट्रामने. प्राग उताराचं शहर आहे. पश्चिमेला टेकडीवर किल्ला, खाली व्ल्तावा नदी, पलीकडे सपाटीवर जुनं शहर. नवखे गट आधी चौकात जातात, मग पूल, मग भर दुपारी किल्ल्याची चढण चढतात, आणि वर पोचेस्तोवर निम्मे लोक सावली शोधू लागतात. मॅनेजरने उलटं ठरवलं. बस टेकडीच्या वरच्या अंगाला सोडेल, आणि आम्ही दिवसभर उतरत जाऊ.

तिसरी अट वारांची. रविवारी सकाळी सेंट व्हिटस कॅथीड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश. शनिवारी ज्यू संग्रहालय बंद. आमचा सोमवार होता.

किल्ल्याची आवारं सकाळी सहापासून उघडी असतात, इमारती मात्र नवाला उघडतात. आम्ही आधीच पोचलो आणि कॅथीड्रलच्या दक्षिण अंगाला रिकाम्या चौकात उभे राहिलो. तो पाऊण तास फुकटचा होता, आणि फार मोलाचा ठरला. आत गेल्यावर माणूस काचांचे रंग बघतो. बाहेर उभं राहिल्यावर ती इमारत उभी कशी आहे ते दिसतं. भिंतीपासून सुटून हवेत कमान टाकणारे दगडी टेकू, त्यांच्या टोकाशी उंच निमुळते खांब. सस्पेन्शनचं काम बघणारी मुलगी ते सगळं बोटाने हवेत काढत होती. छताचा भार खाली जातो तसा बाजूलाही ढकलतो. तो ढकलणारा जोर या कमानी पेलतात आणि जमिनीत नेतात, म्हणून मधली भिंत जाड असायची गरज उरत नाही, म्हणून तिथे काच बसते. टेकूंवरचे शोभेचे वाटणारे सुळके खरं तर वजनं आहेत; ती जोराला खाली वळवतात. हे तिने मला समजावलं, मी तिला नाही.

या कॅथीड्रलची पायाभरणी १३४४ मध्ये झाली. पहिला स्थपती फ्रान्सहून आणलेला, अरासचा मॅथियास. तो वारल्यावर १३५६ मध्ये पेटर पार्लर नावाच्या तरुणाला बोलावलं, तेव्हा त्याचं वय तेवीसच्या आसपास होतं. म्हणजे आमच्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांएवढं. त्याने छताखालच्या कमानी जाळीसारख्या एकमेकींत गुंफल्या. मग हुसाइट धर्मयुद्धं आली, पैसा आटला, आणि अर्धवट इमारत शतकानुशतकं तशीच राहिली. ती पूर्ण झाली १९२९ मध्ये. पश्चिमेकडचं दर्शनी तोंड, ज्याचे फोटो सगळे काढतात, ते एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं काम आहे. आतल्या खिडक्यांपैकी एक चित्रकार आल्फोन्स मुखाने रंगवलेली, १९३१ ची. हे कळल्यावर मुलं थोडी गप्प झाली आणि मग ब्रेकवाला मुलगा म्हणाला, “सहाशे वर्षं डेडलाइन पुढे ढकलली यांनी.”

किल्ल्यात बघण्यासारखं अजून पुष्कळ होतं. मॅनेजरने दोन जागा ठेवल्या, बाकीच्या गाळल्या. कॅथीड्रल, आणि जुन्या राजवाड्यातलं व्लादिस्लाव दालन. मधे एकही खांब नाही, वर कमानींच्या फासळ्या वेलीसारख्या वळत गेलेल्या. इथे घोडेस्वारांचे खेळ होत, त्यासाठी घोडे चढतील असा पसरट पायऱ्यांचा जिना आहे. त्याच राजवाड्याच्या एका खिडकीतून १६१८ मध्ये सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला खाली फेकलं. तिघंही वाचले, आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. काफ्काने जिथे काही महिने लिहिलं ती गोल्डन लेन आम्ही सोडून दिली. एका मुलाला फार वाईट वाटलं. त्याने काफ्का वाचला होता, आणि त्याच्याबद्दल मला अजूनही रुखरुख वाटते.

पुलावरची ट्राम

नेरुदा रस्त्याने खाली उतरताना दुपार होत आली. चार्ल्स पुलावर पोचलो तेव्हा गर्दी खांद्याला खांदा लागेल इतकी. पूल ५१६ मीटर लांब, रुंदी दहा मीटरच्या आत-बाहेर, सोळा कमानी, दोन्ही कठड्यांवर तीस पुतळे. बहुतेक पुतळे आता प्रती आहेत, अस्सल संग्रहालयात सुरक्षित ठेवलेत. चार्ल्स चौथ्याने १३५७ मध्ये पायाचा दगड बसवला. परंपरा मुहूर्तही सांगते : ९ जुलै, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. वर्ष, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने लिहिली की १-३-५-७-९-७-५-३-१ असा चढता-उतरता आकडा होतो. शुभमुहूर्तावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना हा राजा घरचा वाटेल. काम पुढे नेणारा स्थपती पुन्हा तोच, पेटर पार्लर.

गर्दीत थांबायला जागा नव्हती, म्हणून मॅनेजरने संघाचे तीन तुकडे केले आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला भेटायची वेळ दिली. बावीस माणसं एकत्र उभी राहिली की पूल अडतो. पाच-सात जण कठड्याला चिकटून उभे राहू शकतात. मी बॅटरीवाल्यांच्या तुकडीत होते. खाली वाकून बघितलं तर खांबांच्या पुढे, प्रवाह येतो त्या बाजूला, लाकडी ओंडक्यांच्या तिरप्या घोड्या रोवलेल्या. हिवाळ्यात नदीवरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे दगडी खांबावर आपटण्याआधी त्यांच्यावर चढून फुटावेत, म्हणून. तरी १८९० च्या पुरात वाहून आलेली लाकडं कमानींत अडकली आणि पुलाच्या तीन कमानी गेल्या.

वीजवाल्या मुलांना मी एक गोष्ट सांगायची राखून ठेवली होती. या पुलावरून १९०५ ते १९०८ विजेची ट्राम धावायची. पुतळ्यांच्या रांगेत खांब आणि तारा नकोत म्हणून फ्रांतिशेक क्रिझिक या अभियंत्याने वरची तार काढूनच टाकली. रस्त्यात रुळांमध्ये बसवलेल्या संपर्कबिंदूंमधून गाडीला वीज मिळे. सगळ्यांच्या मनात लगेच एकच प्रश्न आला, तो तिघांनी एकदम विचारला : गाडी पुढे गेल्यावर मागच्या बिंदूतली वीज बंद कशी व्हायची? कोणी त्यावर पाय दिला तर? त्यांच्या स्वतःच्या गाडीची पावसाची परीक्षा याच भीतीपोटी असते. पूल आठ मिनिटांत ओलांडायचा होता. या प्रश्नावर ते सहा मिनिटं बोलले, आणि कडेचे साधुसंत पाहायचे राहिले. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

पुलाच्या दुसऱ्या टोकाला केशरी रुमाल बांधलेली काठी उंच धरून एक मराठी टूर मॅनेजर उभा होता. मागे टोप्या घातलेले काका-काकू. “पुण्याचे का रे तुम्ही?” असं एका काकूंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून भाकरवडी काढली. मी टूर मॅनेजरशी बोलत राहिले. पूर्व युरोपच्या सहलीत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट अशी माळ असते आणि प्रागच्या वाट्याला बहुधा एकच पूर्ण दिवस येतो. त्यांच्या छापील कार्यक्रमात प्रत्येक जागेपुढे ती आतून की बाहेरून, की नुसता फोटो स्टॉप, हे लिहिलेलं असतं. लोक भांडतात ते याच शब्दांवरून, असं तो म्हणाला. ज्येष्ठांच्या गटाची चाल, स्वच्छतागृहांची अंतरं, त्यासाठी लागणारी सुटी नाणी, शाकाहारी जेवण मिळणारी जागा, ड्रायव्हरचे तास, हे सगळं धरून दिवस बसवायचा असतो. झेक लोकांचं चलन युरो नाही, कोरुना आहे. त्यामुळे चौकातल्या पैसे बदलणाऱ्यांकडे फसण्याची भीती. २०१९ पासून तिथे कायदा आहे की पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, पावती मात्र हवी. त्याने हे आमच्या मुलांना पुन्हापुन्हा सांगितलं. त्याच्या घाईत मला काळजी दिसली, आणि मला ती आदर वाटावा अशी वाटली.

घड्याळ

जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ, झेक लोक ज्याला ओर्लोय म्हणतात, ते प्रागमधलं सर्वांत जास्त पाहिलं जाणारं आणि, माझ्या मते, सर्वांत कमी बघितलं जाणारं यंत्र आहे. सकाळी नऊ ते रात्री अकरा, दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, बारा प्रेषित खिडक्यांतून सरकत जातात, बाजूचे आरशावाला, पैशाच्या थैलीवाला माना हलवतात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सगळा खेळ मिनिटभराचासुद्धा नाही. त्याआधी पंधरा मिनिटं माणसं जमत जातात, फोन उंच होतात, आणि पाकीटमारांचाही तोच कामाचा वेळ असतो. कोंबडा आरवला की दोन मिनिटांत चौक पांगतो.

आमच्या स्थानिक गाइड बाईंनी सुचवलं की तासाच्या ठोक्याला यायचंच नाही, पाच मिनिटांनी यायचं. आम्ही तसंच केलं. अगदी घड्याळाखाली, पुढे कोणी नाही, असे जवळजवळ पाऊण तास उभे राहिलो. दिवसभरातला सर्वांत चांगला वेळ तो.

कारण प्रेषितांच्या बाहुल्या ही नंतरची भर आहे. मूळ यंत्र १४१० चं. कादानचा मिकुलाश हा घड्याळजी आणि यान शिंदेल हा गणिती-ज्योतिषी, या दोघांनी ते बेतलं. तबकडीवर एकाच वेळी सूर्य, चंद्र आणि राशिचक्र फिरतं. आत एकाच आसावर तीन मोठी चाकं. मूळ रचनेत प्रत्येकाचा व्यास ११६ सेंटिमीटर. त्यांना फिरवणारी तीन छोटी चाकं एकाच दांड्यावर, प्रत्येकाला २४ दाते. मोठ्या चाकांचे दाते मात्र निराळे : ३६५, ३६६ आणि ३७९.

हे तीन आकडे सांगितल्यावर गिअरबॉक्सचं काम करणारी दोन मुलं जमिनीवरच बसली. ३६६ दात्यांचं चाक सूर्याचा काटा नेतं, त्याची फेरी २४ तासांची. राशिचक्राच्या चाकाला एक दाता कमी, म्हणून त्याची फेरी जरा आधी पूर्ण होते. किती आधी? चोवीस तासांना ३६५ ने गुणून ३६६ ने भागलं की २३ तास, ५६ मिनिटं, ४ सेकंद. ताऱ्यांच्या हिशोबाने पृथ्वीची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. फोनवरच्या गणकाने सेकंदापर्यंत उत्तर जुळवल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. रोज एका दात्याने मागे पडत सूर्य वर्षभरात बाराही राशी फिरून येतो. सगळं पंचांग एका दात्यात बसवलेलं आहे.

चंद्राचं चाक ३७९ दात्यांचं. त्याची फेरी साधारण २४ तास ५१ मिनिटांची. खरा चंद्र सरासरी २४ तास ५० मिनिटं आणि २८ सेकंद घेतो, म्हणजे दर फेरीला सुमारे ४० सेकंदांची तफावत. १४१० मध्ये, हाताने कापलेल्या दात्यांवर! संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत उपास धरणाऱ्या घरांत वाढलेल्या मुलांना चंद्र रोज पाऊण तासाहून जरा उशिरा उगवतो हे ठाऊक असतं. तो उशीर इथे तेरा जादा दात्यांत मोजलेला होता. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा रुपेरी. आतल्या वजनामुळे तो स्वतःभोवती हळूहळू वळतो आणि कला दाखवतो.

सर्वांत बाहेरची कडी आम्हाला सर्वांत उशिरा समजली. तिच्यावर सोनेरी गॉथिक आकड्यांत जुन्या बोहेमियन पद्धतीचे चोवीस तास आहेत. तो दिवस सूर्यास्ताला संपतो आणि तिथूनच नवा सुरू होतो. सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून ही कडी वर्षभर मागेपुढे सरकते. त्याशिवाय उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या वेळेचे बारा समान भाग दाखवणाऱ्या वक्र रेषा आहेत. उन्हाळ्यात तो भाग लांब, हिवाळ्यात आखूड. आपल्याकडे सूर्योदयापासून घटिका मोजत, लग्नात घंगाळात घटिकापात्र सोडत. प्रागचा माणूस सूर्यास्तापासून तास मोजी. दोघांनाही आकाशाकडे बघूनच वेळ ठरवावा लागे, आणि दोघांचंही ‘किती वाजले’ हे ते कुठे उभे आहेत यावर ठरत असे.

हे घड्याळ अनेकदा बंद पडलं. १९४५ च्या मे महिन्यात, युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, जर्मन माऱ्यात नगरभवन पेटलं आणि घड्याळही होरपळलं. लोकांनी ते १९४८ पर्यंत पुन्हा चालतं केलं. तेव्हापासूनचा विजेवरचा यांत्रिक भाग काढून २०१८ च्या दुरुस्तीत १८६० च्या दशकातली जुनी यंत्रणा परत बसवली. घड्याळ बनवणाऱ्याचे डोळे काढल्याची दंतकथा गाइड बाईंनी सांगितली नाही. दात्यांची गोष्ट असताना तिची गरज नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

थोड्या अंतरावर क्लेमेंटिनम आहे. तिथे १७७५ पासून रोज तापमान नोंदवलं जातंय, खंड न पडता. समोरच्या टीन चर्चमध्ये १६०१ मध्ये वारलेला खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे पुरलेला आहे. त्याच्या नोंदींवर केप्लरने याच शहरात बसून मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं दाखवलं. पण तोवर बाराच्या पुढे काटा बराच सरकला होता आणि आम्ही उठलो.

नावांची भिंत

पुढची जागा योसेफोव, जुनी ज्यू वस्ती. पिंकास सिनेगॉगला आराखड्यात अर्धा तास दिला होता.

तिथे बघायचं ते भिंती. बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिलेली, जमिनीपासून वरपर्यंत. गावागावांनुसार, आडनावांनुसार. एका आडनावाखाली आई, बाप, मुलं, आजोबा. प्रत्येक नावापुढे जन्मतारीख. ही नावं १९५० च्या दशकात लिहिली. १९६८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने इमारत बंद ठेवली, ओल आणि दुर्लक्ष यांनी भिंती गेल्या. १९९२ ते १९९६ मध्ये सगळी नावं पुन्हा लिहून काढली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फ्रीड्ल डिकर-ब्रान्डाइस नावाच्या चित्रकार बाई त्या मुलांना चित्रकला शिकवत. त्यांना आणि त्यातल्या बहुतेक मुलांना पुढे आउश्वित्झला मारलं.

माणूस ७८ हजार नावं वाचत नाही. पण एखादं आडनाव डोळ्यात अडकतं आणि मग त्याखालच्या तारखा वजा करत बसणं सुटत नाही. मोठा मुलगा नऊ, धाकटी चार. अर्ध्या तासात निघण्याची खूण मॅनेजरने करायची होती. तिने ती केली नाही. ती स्वतः एका कोपऱ्यात उभी राहून वाचत होती. बाहेर आल्यावर तिने कागद काढला आणि वेन्सेस्लास चौकावर काट मारली. याच चौकात यान पालाख या विद्यार्थ्याने १९६९ च्या जानेवारीत सोव्हिएत ताब्याच्या निषेधात स्वतःला पेटवून घेतलं होतं, आणि १९८९ च्या नोव्हेंबरात लाखो लोक राजवटीविरुद्ध उभे होते. तो बघायचा राहिला. कोणीही तक्रार केली नाही. घाईत फिरणाऱ्या माणसाकडे एक ताकद असते, ती म्हणजे जागा सोडून देण्याची, आणि त्या दुपारी मला ती समोर दिसली.

शेजारच्या जुन्या दफनभूमीत सुमारे १२ हजार शिळा एकमेकींवर रेलून उभ्या आहेत. वस्तीबाहेर जागा मिळेना म्हणून शतकानुशतकं थरांवर थर रचत पुरलेलं. आम्ही तिथून हळू चाललो.

ज्यांचं हे शहर

जेवायला उशीरच झाला. शाकाहाऱ्यांसाठी तळलेल्या चीजचा जाड तुकडा आणि बटाटे, ज्याला झेक लोक स्माझेनी सीर म्हणतात. मग गाइड बाई बोलत्या झाल्या. त्या याच भागात वाढल्या. आता शहराच्या कडेला राहतात, सिमेंटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या वसाहतीत. मध्यवर्ती प्राग १ भागात आता सुमारे ३० हजार लोकच राहतात. शहराची वस्ती तेरा-चौदा लाख आणि २०१९ साली शहरात मुक्काम केलेल्या पाहुण्यांची संख्या ८० लाख. घरं रात्रीच्या भाड्याने गेली, चपला दुरुस्त करणारा गेला, भाजीवाला गेला. त्यांच्या जागी चुंबकांची दुकानं आली, आणि निखाऱ्यावर भाजलेला, साखर लावलेला त्रदेल्निक. पाटीवर ‘जुना बोहेमियन पदार्थ’ लिहिलेलं असतं, पण त्यांच्या लहानपणी त्यांनी तो प्रागमध्ये खाल्लेला नाही.

गोंगाटाचा त्रास सर्वांत मोठा. माणसांनी पायडल मारत बिअर पीत फिरायच्या गाड्या होत्या, त्यांच्यावर बंदी आली. २०२४ च्या ऑक्टोबरात नगरपालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत गट घेऊन दारूच्या दुकानांमागून दुकानं फिरवण्याच्या सहलींवर बंदी घातली. बाईंना पर्यटक नकोत असं नाही, त्यांचं घर त्यावरच चालतं. त्यांना गट लहान हवेत, आणि माणसं दिवसाची हवीत. कुठून आलात याचा त्यांना फरक पडत नाही. दारात उभे राहू नका, दारातून माणूस बाहेर पडतोय हे बघा, एवढंच त्या म्हणाल्या. मुलांनी ते मनावर घेतलं असावं, कारण ट्रामला चढताना बावीस जण एका दारावर तुटून पडले नाहीत. सगळे वेगवेगळ्या दारांनी चढले, पिवळ्या यंत्रात तिकिटावर वेळेचा शिक्का मारला, आणि बसायच्या जागा रिकाम्याच ठेवल्या.

संघातली एक मुलगी छत्रपती संभाजीनगरची. तिच्या वडिलांनी शेंद्र्याला स्कोडाच्या कारखान्यात काम केलेलं. रस्त्यावर दर तिसरी गाडी स्कोडा बघून ती हरखली होती. जावाची मोटारसायकलही झेक आणि बाटाचे बूटही झेक, हे ऐकून बाकीचेही हरखले. तिने गाइड बाईंना विचारलं की इथले लोक या कारखान्यांबद्दल काय बोलतात. बाई पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. त्यांचे वडीलही गाड्यांच्याच कारखान्यात होते. उरलेला वीस मिनिटांचा प्रवास त्या दोघी बापांच्या पाळ्यांबद्दल बोलत होत्या.

सरकवलेलं चर्च

बस वेळेत निघाली. मोस्तला पोचलो तेव्हा उजेड होता. गावाच्या कडेला, रस्त्याजवळ मोकळ्यावर एक मोठं गॉथिक चर्च एकटंच उभं आहे. स्पर्धेच्या दिवसांत मुलं रोज त्याच्यावरून गेली होती. ड्रायव्हर मूळचा मोस्तचा. त्याने आपणहून गाडी थांबवली आणि तुटक्या इंग्रजीत सांगितलं की हे चर्च इथलं नाही.

मोस्तच्या जुन्या गावाखाली लिग्नाइट कोळसा होता. १९६० च्या दशकात सरकारने ठरवलं की गाव पाडायचं आणि कोळसा काढायचा. मध्ययुगातलं अख्खं गाव पाडलं. १५१७ मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च मात्र वाचवायचं ठरलं, आणि ते न मोडता सरकवायचं. भिंतींना आतून-बाहेरून पोलादी सांगाडा बसवला, खाली रूळ टाकले, ५३ हायड्रॉलिक गाड्यांवर सुमारे १० हजार टनांची इमारत उचलली, आणि १९७५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ८४१ मीटर पुढे नेली. या कामाला सुमारे चार आठवडे लागले.

मुलं बसमधून उतरली ती थेट हिशोबालाच. मिनिटाला साधारण २ सेंटिमीटर. ५३ गाड्यांपैकी एक अर्धा इंच खाली बसली तर भिंतीला तडा जाणार, मग प्रत्येक गाडीची उंची सतत कशी मोजत असतील? दगड दबाव सहन करतो, ताण नाही. मग ओढली असेल की ढकलली? वाद चालू असताना एक मुलगा मागे उभा होता. तो इंदापूर तालुक्यातला. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या जुन्या पळसदेवजवळच त्याचं घर आहे. पाणी उतरलं की तिथलं पळसनाथाचं देऊळ दिसतं आणि गावची माणसं बघायला जातात. त्याने ड्रायव्हरला विचारलं, चर्च तर नेलं, माणसं कुठे गेली?

ड्रायव्हरने हात करून दाखवलं. गावाच्या मध्यभागी दाटीने उभ्या असलेल्या, सिमेंटच्या उंच इमारती. पाडलेल्या घरांतली माणसं तिथे हलवली. त्याची आजीसुद्धा. मुलांनी स्पर्धेसाठी भाड्याने घेतलेली घरं त्याच इमारतींपैकी एकीत होती, आणि घरमालकीण आजीबाई खालच्याच मजल्यावर राहत होत्या. रोज सकाळी मुलं त्यांना नुसता नमस्कार करून पुढे जात. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. मॅनेजरने सकाळच्या कामांच्या यादीत किल्ल्या परत करायच्या वेळेआधी तासभर मोकळा ठेवला, आणि ड्रायव्हरला विचारलं की तो तेवढ्यासाठी झेकमधून इंग्रजीत सांगायला येईल का.